नदी एक, काठ दोन, कारभार किती?

मोबाइलवर मॅप उघडा आणि ‘सायखेडा’ टाका. निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. नदीपलीकडे चांदोरी. मोठा पूर आला की दोघांमधला पूल पाण्याखाली जातो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच झालं. पण निदान दोन्ही काठांचा तहसील एक, जिल्हाही एक. पंचनाम्यासाठी दोन दारं ठोठवावी लागत नाहीत.

आता नदीबरोबर बोट खाली सरकवा. नांदूर मधमेश्वर, कोपरगाव... पुढे तर गोदावरी हीच जिल्ह्याची हद्द होते. एका काठाला अहिल्यानगर, दुसऱ्याला छत्रपती संभाजीनगर. नेवासा तालुक्यातल्या प्रवरासंगमहून पूल ओलांडून गंगापूर तालुक्यातल्या कायगावला गेलात, की जिल्हा बदलतो, महसूल विभाग बदलतो आणि कॉलेजचं विद्यापीठसुद्धा! इकडे पुणे विद्यापीठ, तिकडे मराठवाडा विद्यापीठ. गंमत म्हणजे हायकोर्टाचं खंडपीठ दोघांचं एकच, छत्रपती संभाजीनगरचं.

ही रेघ आली कुठून? नदीच्या एका बाजूला इंग्रजांचा मुंबई प्रांत होता, दुसऱ्या बाजूला निजामाचं राज्य. १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्यं गेली, रेघ राहिली.

नदीवरच्या अशा रेघेचा हट्ट कुठवर जातो ते बघायचं असेल, तर आफ्रिकेच्या दक्षिणेला चला. नामिबियाच्या नकाशातून पूर्वेकडे एक लांबट पट्टी बाहेर आलेली दिसेल. १८९० च्या करारात जर्मनीने ती इंग्रजांकडून मिळवली, कारण त्यांना झांबेझी नदीपर्यंत पोचायचं होतं. पट्टीला नाव दिलं चॅन्सलर काप्रिवी यांचं. पण त्या नदीतून समुद्र गाठायचा, तर वाटेत व्हिक्टोरिया धबधबा! २०१३ मध्ये या भागाचं नाव ‘झांबेझी’ झालं. तिथेच चोबे नदीतल्या एका बेटावरून नामिबिया आणि बोत्स्वाना भांडले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बेट बोत्स्वानाला दिलं. मात्र बेटाच्या दोन्ही बाजूंचे प्रवाह दोन्ही देशांच्या नावांना खुले ठेवले. हद्द ठरली, नदी वाटली नाही.

आपलं भांडण बेटाचं नाही, पाण्याचं आहे. २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं. त्याने २०१४ मध्ये ठरवलं, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा आदेश निघाला आणि ‘आमचं पाणी’ म्हणत दोन्हीकडचे लोक रस्त्यावर उतरले.

ज्या ऑक्टोबरमध्ये साठा कमी असेल, तेव्हा हाच वाद तुमच्या ग्रुपवरही येईल. फॉरवर्ड करण्याआधी दोन आकडे बघा: जायकवाडीत किती आहे आणि वरच्या धरणांत किती. सायखेड्याच्या द्राक्षबागेला पाणी लागतं, तसं ते गंगापूरच्या कपाशीलाही लागतं. नांदूर मधमेश्वरचा कालवा वैजापूर-गंगापूरपर्यंत जातोच की! हद्द कागदावर असू द्या, हिशेब मात्र अख्ख्या नदीचा करा.