पोहायचे, सायकल चालवायची, मग धावायचे!
पहिल्या ट्रायथलॉनची तयारी कशी कराल?

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत पहिल्यांदा झाली. चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे आपल्या भागात पहाटे फिरायला आणि पळायला जाणाऱ्या मंडळींच्या बोलण्यातही ट्रायथलॉन हा शब्द येऊ लागला. त्याआधी २०१५ मध्ये अभिनेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली, तेव्हाही अनेकांच्या मनात ‘आपल्याला जमेल का?’ असा प्रश्न डोकावला होता. जमेल. मात्र सुरुवात कुठून करायची हे आधी समजून घ्यायला हवे.

तीन खेळ, एक शर्यत

ट्रायथलॉनमध्ये आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचे. मध्ये घड्याळ थांबत नाही. कपडे आणि बूट बदलण्याचा वेळसुद्धा शर्यतीतच धरला जातो. हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे सुरू झाला. १९७८ मध्ये हवाईमध्ये पहिली आयर्नमॅन शर्यत झाली, तेव्हा अवघे १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्येही आहे.

अंतरे वेगवेगळी असतात. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. गोव्याची शर्यत याच्या निम्मी, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर. मैलांत ही बेरीज ७०.३ होते, म्हणून ते नाव. ऑलिंपिकचे अंतर १.५, ४० आणि १० किलोमीटर. सर्वांत सोयीची ती ‘स्प्रिंट’: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे.

नवख्याने स्प्रिंटपासूनच सुरुवात करावी. मित्राने पदक आणले म्हणून थेट ७०.३ ला नाव नोंदवणारे कमी नाहीत. पण धावताना दमलात तर चालता येते, सायकलवर थकलात तर उतरता येते. पाण्यात मात्र असे थांबता येत नाही. म्हणून या शर्यतीची खरी तयारी पाण्यापासून सुरू होते.

विहिरीतले पोहणे आणि तलावातले पोहणे

आपल्या खेड्यांतून अनेकांनी पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. काठावरून मुटका मारायचा, दोन-चार हात मारून पायरी गाठायची. त्या शिक्षणाने पाण्याची भीती मोडली, हा मोठा फायदा. पण त्या पोहण्यात मान सतत वर असते. त्यामुळे पाय खाली जातात आणि शंभर मीटरमध्ये दम लागतो.

शर्यतीसाठी तोंड पाण्यात ठेवून पोहायला शिकावे लागते. श्वास पाण्यात सावकाश सोडायचा आणि मान बाजूला वळवून घ्यायचा. दम लागतो तो बहुधा ताकद कमी म्हणून नाही, तर श्वास आत कोंडून ठेवल्यामुळे. पहिले काही आठवडे २५ मीटर पोहावे, अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा २५ मीटर पोहावे. २५ मीटरच्या तलावात ३० फेऱ्या म्हणजे ७५० मीटर. त्या न थांबता, न घाबरता झाल्या की अर्धी लढाई जिंकली. हे शिकायला शक्यतो प्रशिक्षक गाठावा. मनाने शिकलेली चुकीची सवय मोडायला दुप्पट वेळ लागतो.

महिलांची अडचण थोडी वेगळी असते. पोहण्याचा पोशाख आणि ‘लोक काय म्हणतील’ हा संकोच अनेकींना तलावापर्यंतच जाऊ देत नाही. आता अंगभर पोहण्याचे कपडे मिळतात. अनेक तलावांवर महिलांसाठी वेगळी वेळ असते. नसेल तर चार-पाच जणींनी मिळून ती मागावी.

तलावात जमले म्हणून समुद्रात जमेलच असे नाही. तिथे तळाशी रेघ नसते, पाणी गढूळ असते, लाटा असतात, शेजाऱ्याचा हात-पायही लागतो. दर आठ-दहा हातांनंतर डोके किंचित उचलून समोरची खूण पाहण्याचा सराव करावा. घाबरल्यासारखे झाले तर उताणे होऊन तरंगावे, श्वास जुळू द्यावा. शर्यतीत मदतीच्या होडीला हात करून बोलावण्यात कमीपणा काही नाही. आणि एक नियम कधीही मोडू नये: नदी, धरण किंवा समुद्रात एकट्याने सराव करायचा नाही. पावसाळ्यात तर मुळीच नाही.

सायकल आणि पाय

पहिल्या शर्यतीसाठी लाखाची सायकल लागत नाही. ब्रेक उत्तम असलेली साधी गिअरची सायकल चालते. सीटची उंची मात्र नीट करून घ्यावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट खाली राहिली की गुडघे दुखतात. हेल्मेट सक्तीचे असते आणि सरावातही ते डोक्यावर हवेच. बेळगावकरांना चढाचा सराव करायला येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता आहेच. पहाटेच्या अंधारात मागे लाल दिवा लावावा आणि पंक्चर काढायला शिकून घ्यावे.

धावताना शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. सुरुवातीला चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे असे चालते.

सायकलवरून उतरून लगेच धावायला लागले की पाय लाकडासारखे होतात. सायकलच्या गोल हालचालीला सरावलेले स्नायू धावायला पटकन तयार होत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच १०-१५ मिनिटे धावण्याचा सराव करावा. महिन्याभरात हा जडपणा कमी जाणवू लागतो.

आठवड्याचे वेळापत्रक

थोडेफार पोहता येते, सायकल येते आणि अर्धा तास भरभर चालता येते, अशा माणसाने १६ आठवडे हाताशी ठेवावेत. सोमवारी विश्रांती. मंगळवार व शुक्रवारी ४५ मिनिटे पोहणे. बुधवार व शनिवारी अर्धा तास धावणे. गुरुवारी ४५ मिनिटे सायकल. रविवारी तासभर सायकल आणि लागलीच १५ मिनिटे धावणे. आठवड्याचे साडेचार तास होतात. हे थोडे थोडे वाढवावे, दर चौथ्या आठवड्याला कमी करावे. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात जेमतेम निम्माच सराव ठेवावा.

खाण्यात फार प्रयोग नकोत. भाकरी, भात, उसळ, दूध, केळी हा आपला आहार उत्तम आहे. लांबच्या सरावात केळे, गूळ, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी जवळ ठेवावे. बेळगावच्या थंड हवेत सराव करणाऱ्याला गोव्याचा दमट उकाडा जड जातो, तेव्हा तिथे वेग कमीच ठेवावा. शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवा चष्मा आणि नवा खाऊ हे तिन्ही टाळावेत.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. सरावात छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे.

घरच्यांचा वाटा

चार महिने पहाटे उठणारा माणूस रात्री नऊलाच पेंगतो, लग्नकार्यात लवकर निघतो, रविवारी घरी सापडत नाही. हा भार घरावर पडतोच. म्हणून नाव नोंदवण्याआधी घरात बसून बोलावे. आई किंवा पत्नी सरावाला जाणार असेल तर सकाळचे डबे कोण भरणार, हे त्याच दिवशी ठरवावे. जिथे हे ठरत नाही तिथे सराव पंधरा दिवसांत बंद पडतो.

पहिल्या शर्यतीत क्रमांकाचा विचार करू नये. वेळेत आणि धडधाकट घरी परतलात, तर शर्यत जिंकलीच म्हणायची. या सोमवारी जवळच्या तलावावर जाऊन वेळा तरी विचारून या.