शब्द सापडण्याआधीचा क्षण

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा उतरण्याआधी खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली की आत उतरता येईल असं समजायचा, असं ती सांगते. आवाज चढत नाही, डोळे भरत नाहीत. ही भूमिका करणाऱ्या उषा बाने स्वतः मॅनहोल कामगाराच्या पत्नी, आणि साक्षीतला तपशील बराचसा त्यांच्याच संसारातला. याच चित्रपटात शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदारही मुळात नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक होते. असे चित्रपट आपल्याला धरून का ठेवतात? 'खरं आहे म्हणून' हे उत्तर मला अपुरं वाटतं. खरी माणसं बातम्यांतही रोज दिसतात. पडद्यावर आपण पाहत असतो तो माणूस शब्द शोधत असतानाचा क्षण. हातात तयार वाक्य नसलं की माणूस आपल्या सवयींकडे वळतो. कोणी गप्प होतो, कोणी उगाच हसतो, कोणी तेच तेच पुन्हा सांगतो. तिथे त्याचा स्वभाव दिसतो.

शब्द शोधणारा माणूस पाहण्याची ही गोडी काही परदेशातून आलेली नाही. सिद्धेश्वर, औंढा नागनाथ, संत नामदेवांचं नर्सी हा मराठवाड्यातल्या हिंगोलीचा सगळा टापू कीर्तन ऐकत आलेला. अभंग ठरलेला असतो, निरूपण मात्र समोरची माणसं बघून तिथल्या तिथे होतं. तमाशातल्या बतावणीतही सोंगाड्या ऐनवेळी कोटी करतो, आणि ती सुचताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यालाही लोक दाद देतात.

यावर आक्षेप असा की हे सगळं बनावच आहे. दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेट्स यांच्या 'शॅडोज' (१९५९) या चित्रपटाच्या शेवटी तो उत्स्फूर्त असल्याची पाटी येते. प्रत्यक्षात प्रदर्शित झालेल्या आवृत्तीचा मोठा भाग लिहून चित्रित केला होता. 'कोर्ट'लाही बांधीव पटकथा आहे आणि संकलनात काय ठेवायचं हे दिग्दर्शकच ठरवतो. हे मान्यच केलं पाहिजे. पण चौकट आखलेली असली म्हणून आतला माणूस खोटा ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उत्स्फूर्त म्हणवणारे कितीतरी चित्रपट नुसते रेंगाळतात. रेंगाळतात खरेच, कारण तिथे तयारीलाच फाटा दिलेला असतो. ब्रिटिश दिग्दर्शक माइक ली नटांबरोबर महिनोन्‌महिने तालमी करून पात्रं उभी करतात, संवाद त्यातूनच घडतात. कीर्तनकाराचं पाठांतर आणि सोंगाड्याचं वगाचं ज्ञान हीदेखील तशीच पूर्वतयारी. आत काही साठलेलं असेल तरच ऐनवेळी काही सुचेल.

मराठी चित्रपटाला याची गरज आहे, आणि मराठवाड्यासाठी तर फारच. पडद्यावरचा 'गावाकडचा' माणूस अजूनही बऱ्याचदा एकच घोटलेली ग्रामीण बोली बोलतो, मग गाव कोल्हापूरकडचं असो की हिंगोलीकडचं. पूर्णेच्या काठचा माणूस सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याबद्दल, सोयाबीनच्या भावाबद्दल कसा बोलतो, कुठे अडखळतो, कुठे विषय बदलतो, हे मुंबईत बसून लिहिता येत नाही. त्यासाठी कॅमेरा सिद्धेश्वरला न्यावा लागेल, प्रसंग समजावून सांगावा लागेल, आणि संवादाचा कागद त्या माणसाच्या हातात न देता त्याला बोलू द्यावं लागेल.