घोडागाडीत किती जण बसायचे? वाळू, चढ आणि साजाचं गणित

ज्यांना लोकलमध्ये रेंज मिळत नाही किंवा ऑफिसात कानात इयरफोन घालता येत नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना जे दोनदा म्हटलं ते एकदाच ठेवलंय, बाकी सगळं तेच आहे.

विषय घोड्याचा. तुम्ही म्हणाल, बोईसरमध्ये बसून हा कोडिंगवाला घोड्यावर काय बोलणार? पण आपल्यापैकी बहुतेक जण वर्षातून एकदा तरी घोड्याचे गिऱ्हाईक होतोच. रविवारी समुद्रावर गेलो की गाडीत बसतो, मे महिन्यात वरातीसाठी बग्गी ठरवतो. भाव आपण करतो, किती जण बसणार तेही आपणच ठरवतो. म्हणजे घोड्यावर किती लोड येणार, हे चालवणाऱ्याइतकंच आपल्याही हातात असतं. म्हणून हे गणित आपल्याला यायला हवं.

सुरुवात एचपीपासून. तारापूर एमआयडीसीत मोटारीच्या पाटीवर ५ एचपी, १० एचपी लिहिलेलं असतं. हा शब्द जेम्स वॉटने रूढ केला. वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं, हे गिऱ्हाइकाला सांगायला त्याला एक माप हवं होतं. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. पण वॉटच्या डोळ्यासमोर होते इंग्लंडमधले धिप्पाड घोडे. आपल्याकडचा गाडीचा घोडा साधारण ३०० किलोचा धरा. कामाचा घोडा दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ देऊ शकतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ३० किलोची ओढ. चालीचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास. गुणाकार केला तर येतात ३०० वॅट, म्हणजे अर्ध्या एचपीपेक्षाही कमी. तुमच्या बिल्डिंगमधला टाकीत पाणी चढवणारा छोटा पंप याहून दमदार असतो! थोडा वेळ घोडा याच्या कितीतरी पट जोर लावतो, म्हणून तो आपल्याला ‘ताकदवान’ वाटतो. पण क्षणभराचा जोर वेगळा आणि दिवसभराचं काम वेगळं.

आता गाडी. समजा गाडी २५० किलोची आणि त्यात चार माणसं, २८० किलो. एकूण ५३०. हे वजन घोडा उचलत नाही, ते चाकांवर असतं. त्याला फक्त चाकाचा अडथळा ओढून काढायचा असतो, आणि तो जमिनीवर ठरतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर अडथळा वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे १०-११ किलोची ओढ. घोडा आरामात जातो. तीच गाडी कोरड्या, भुसभुशीत वाळूत घाला. तिथे अडथळा २० टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे शंभर किलोच्या वर! घोडा तोच, माणसं तीच, ओढ दहापट. म्हणून जाणता गाडीवाला भरतीच्या रेषेखालच्या ओल्या, घट्ट वाळूवरून गाडी नेतो. तुम्ही ‘इथेच झाडाखाली सोडा ना’ म्हणून गाडी वर कोरड्या वाळूत घ्यायला लावता, तेव्हा काय मागताय ते लक्षात घ्या. चार पावलं उतरून चाला की राव.

चढाचंही असंच. ३० मीटरमागे ३ मीटर चढ असेल तर वजनाचा दहावा हिस्सा जास्तीचा ओढावा लागतो. आपल्या गाडीला आणखी ५३ किलो. पुलाच्या किंवा घाटीच्या चढावर सगळ्यांनी खाली उतरायची जुनी पद्धत होती, ती उगाच नव्हती.

याच गणितावर मुंबईची ट्राम चालली. १८७४ साली मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. एक-दोन घोडे डबाभर माणसं ओढत, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असलं की अडथळा रस्त्यापेक्षाही खूप कमी होतो. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि घोडे सुटले. पुढे व्हिक्टोरिया राहिल्या. त्या जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे हाल आणि तबेल्यांची अवस्था हा त्या प्रकरणाचा गाभा होता. सोबत गाडीवाल्यांच्या पोटाचा प्रश्नही उभा राहिला. किनाऱ्यावरचा धंदा टिकावा असं वाटत असेल, तर घोडा नीट ठेवणं हाच त्याचा विमा आहे.

आता साज. ‘बैलाचं जू घोड्याला का लावत नाहीत?’ असा प्रश्न एका श्रोत्याने विचारला होता. झकास प्रश्न. बैलाला वशिंड असतं. जू त्याच्या पुढ्यात बसतं आणि बैल त्यावर रेटा देतो. आपल्या जव्हार-मोखाड्याकडे डांगी बैल भरपावसात चिखलणी करतात ते याच जोरावर. घोड्याला वशिंड नाही, तो छातीने आणि खांद्याने रेटतो. म्हणून त्याला छातीवरचा रुंद पट्टा किंवा मानेभोवती गादीचं कडं लागतं. पट्टा फार वर गेला तर श्वासनळी दाबतो, फार खाली आला तर खांद्याचा सांधा अडकतो आणि पाऊल आखूड पडतं. गाडी उभी असताना नजर टाका: पट्टा गळ्यावर आहे की छातीवर?

दुसरं, दोन चाकी गाडीचा तोल. सगळे पुढे बसले तर दांड्यांचा भार घोड्याच्या पाठीवर येतो. सगळे मागे बसले तर दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला वर खेचतो. टांग्यात काही जण पुढे तोंड करून, काही मागे तोंड करून बसतात ते यासाठीच. चालत्या गाडीच्या दांड्या जवळपास आडव्या दिसल्या की तोल बरोबर आहे. गाडीवाला ‘दादा, थोडं पुढे सरका’ म्हणाला तर वाद घालू नका, तो कॅलिब्रेशन करतोय.

तिसरं, जुंपायचा क्रम. घरी गाडी असेल किंवा शिकायचं असेल तर हे पाठ करा. आधी घोड्यावर पूर्ण साज, मग गाडी जवळ. सोडताना उलटं: आधी घोडा गाडीतून मोकळा, लगाम सगळ्यात शेवटी. गाडीला जुंपलेल्या घोड्याचा लगाम कधीही काढायचा नाही. लगामासोबत डोळ्यांच्या झापड्या निघतात, मागे चिकटलेलं भलंमोठं काहीतरी त्याला अचानक दिसतं आणि तो उधळतो. मग ना हातात दोरी, ना ब्रेक.

समुद्राकाठी आणखी दोन गोष्टी. खाऱ्या हवेने चामडं कडक होतं, टाके कुजतात, कड्या गंजतात. काम संपलं की साज गोड्या पाण्याने पुसून, सावलीत वाळवून तेल लावायचं. आणि चारा वाळूवर टाकायचा नाही. चाऱ्याबरोबर वाळू पोटात साठते आणि घोड्याला पोटशूळ उठतो. त्यासाठीच तोबरा असतो. घोडा सारखा पोटाकडे वळून बघत असेल, पाय आपटत असेल, लोळत असेल तर ‘नाटक करतोय’ म्हणू नका. घोड्याला उलटी करता येत नाही, आणि पोटशूळाने तो काही तासांत जाऊ शकतो. १९६२ हा जनावरांसाठीचा टोल फ्री नंबर आहे, तो सेव्ह करून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ऊन. १९६५ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम बंद. गाडीत चालक आणि ६ वर्षांखालची मुलं सोडून जास्तीत जास्त चार माणसं. टोचणारे, काटेरी लगाम बेकायदा.

पण आपल्या पट्ट्यात एक मेख आहे. मे महिन्यात पालघरच्या किनाऱ्यावर पारा बऱ्याचदा ३७ च्या खालीच असतो. ‘३४ तर आहे, चालतंय की!’ चालत नाही. घोडा आपल्यासारखाच घाम गाळून थंड होतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. घोडेवाले एक सोपी बेरीज वापरतात: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेचा आकडा. १५० च्या वर गेली तर जपून, १८० च्या वर काम बंद. ३४ अंश म्हणजे ९३ फॅरनहाइट, आर्द्रता ७५ धरा. बेरीज १६८! हे दोन्ही आकडे तुमच्या फोनच्या हवामान ॲपमध्ये आहेत. वरातीचा मुहूर्त दुपारचा असेल तर बग्गी ठरवण्याआधी ही बेरीज करा आणि वरात संध्याकाळी काढा.

बसण्याआधी अर्धा मिनिट घोड्याकडे बघा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट व्हायला हवी. दोनेक सेकंद उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. अर्थात, चिमटा मालकाला विचारूनच. उभ्या, शांत घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६. काम थांबवून बराच वेळ झाला तरी भाता चालू असेल तर त्याला सावली, पाणी आणि अंगभर थंड पाण्याचा मारा हवा, पुढची फेरी नको. पट्ट्याखाली ओली जखम दिसली तर त्या गाडीत बसू नका.

आणि पैशाचं बोलूया, कारण गाडी तिथेच अडते. आठ जणांचा ग्रुप एका फेरीत कोंबून आपण शंभर-दोनशे वाचवतो. गाडीवाला नाही म्हणाला तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीकडे जातं, म्हणून तो गप्प बसतो. त्याला ‘नाही’ म्हणणं परवडावं, हे आपल्याच हातात आहे. चार-चार जण बसा आणि दोन फेऱ्यांचे पैसे द्या.

पुढच्या भागात बैलगाडीच्या चाकाला बेअरिंग आल्यावर नेमकं काय बदललं ते बघू. तुमच्या गावात अजून नालबंद असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. भेटू!