चूक कुणाची, खापर कुणावर?

दूध उतू गेलं, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘गॅसपाशी कोण होतं?’ पातेलं लहान होतं का, नेमकं तेव्हाच दारात कुणी आलं होतं का, हे विचारायला कुणाला सवड नसते. नाव सापडलं की चौकशी संपली! पण मैत्रिणींनो, ज्याच्या हातून चूक झाली तो नेहमी दोषीच असतो का? दुधाचं एक वेळ सोडून द्या. एखाद्या कुटुंबाची काळीभोर जमीनच नापीक झाली, तर?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हे घडलेलं आहे. हा मुलूख कमी पावसाचा. १८७६-७८ चा भीषण दुष्काळ इथल्या लोकांनी सोसला. पुढे १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. शेतकऱ्याने पाण्याला हात आखडला नाही. पण काही वर्षांतच सखल जमिनी पाणथळ झाल्या, वर पांढरा खार फुटला, पेरलेलं उगवेना. मग बोल कुणाला? अर्थात शेतकऱ्याला! ‘अडाणी, हावरट, अति तेथे माती!’

हे होतं कसं, ते आपल्याला घरातच पाहता येतं. समईची वात तेल वर ओढते, तशी माती खालचं पाणी वर ओढते. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. जुन्या माठाच्या अंगावर पांढरे डाग पडतात ना, तेच हे. तुळशीच्या कुंडीला खाली भोक नसेल, तर रोप कुजतं. शेतालाही तसाच निचरा लागतो.

आता शेतकऱ्याची बाजू ऐका. कालव्याचं पाणी आलं, पण त्याच्याबरोबर निचऱ्याचे चर आले नव्हते. पाणीपट्टी पिकाच्या क्षेत्रावर होती, किती पाणी घेतलं यावर नव्हती. तेव्हा काटकसर करून एक पैही वाचत नसे. पुढची पाळी वेळेवर येईल, याचा भरवसा नसे. ज्या घरी नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथली गृहिणी शेवटची कळशीसुद्धा भरून ठेवते. तिला आपण हावरट म्हणतो का?

जाणत्यांनाही वेळ लागलाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या गटातच पाणी द्यायचं आणि उसाची जागा फिरती ठेवायची. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला तो १९१० मध्ये. म्हणजे कालवा सुरू होऊन पाव शतक लोटलं होतं. मग त्या पहिल्या शेतकऱ्याला कुठल्या तोंडाने दोष द्यायचा?

म्हणून कुणीच कशाला जबाबदार नाही, असं मात्र नव्हे हं! आज बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, माती-पाणी तपासून मिळतं, ठिबक सिंचन आहे. हे सारं हाताशी असताना कुणी रात्री उसात पाणी सोडून घरी येऊन झोपला, तर चूक जुनीच असली तरी दोष त्याच्याच पदरी पडणार.

तेव्हा कुणालाही बोल लावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. त्याला हे ठाऊक होतं का? वेगळं वागणं त्याच्या हातात होतं का? आणि चूक कळल्यावर त्याने काय केलं?

आपल्याकडे घराला उतरती कळा लागली की नव्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून मोकळं व्हायची रीत होती. अजूनही कुठे कुठे ती आहे. तिची तर चूकही नसते, नुसताच दोष! खापर तिच्या डोक्यावर फुटतं आणि खरं कारण जिथल्या तिथे राहतं.

आणि एक सांगू? आपण बायका दुसऱ्याला क्षमा करतो, स्वतःला नाही. मूल आजारी पडलं, नापास झालं, ‘माझंच चुकलं’ म्हणून झुरत बसतो. हे तीन प्रश्न स्वतःलाही विचारा. तिसऱ्याचं उत्तर देता आलं, तर झुरायला वेळच उरायचा नाही.

जुन्या पत्रांच्या आणि हिशेबांच्या खाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहीत. कमी पडलं असेल तर द्यायचं, जास्त आलं असेल तर घ्यायचं. हिशेब दुरुस्त करायचा. त्यात शिक्षेचा शब्द नाही. खारवट झालेली जमीनसुद्धा चर खणून, ताग-धैंचा गाडून हळूहळू वळणावर येते. शिव्या दिल्याने ती कधी सुधारलेली नाही, माणसंही नाहीत.