कार्बची करामत: जुन्या बाइकचं दीड आट्याचं गणित!

किक मारली, गाडी दोनदा खोकली आणि बंद! प्लग नवा, टाकी फुल्ल, तरी रुसवा कायम? मग नजर वळवा एअर फिल्टर आणि इंजिनच्या मधल्या त्या मुठीएवढ्या डबीकडे. हाच कार्ब्युरेटर, लाडाने कार्ब! ना चिप, ना सेन्सर, तरी हवेत पेट्रोल किती मिसळायचं याचा सगळा हिशेब याच्याकडे. चला, कान टवकारा!

हवा खा, हवा!
माहीत आहे का? एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत बोलायचं तर एका लिटर पेट्रोलला जवळपास 9,000 लिटर हवा! बरं झालं, पंपावर बिल फक्त पेट्रोलचंच येतं.

सेकंदाला शंभर घोट
आपली लाडकी यामाहा आरएक्स 100! 1985 मध्ये आली, 1996 मध्ये थांबली, पण चाहत्यांच्या मनातून उतरलीच नाही. इंजिन जेमतेम 98 सीसीचं, पण टू-स्ट्रोक. म्हणजे 6,000 आरपीएमला दर सेकंदाला 100 वेळा ताजं मिश्रण आत! एवढ्या घाईत माप चुकलं की पिकअप गुल.

ना पंप, ना मोटर
मग पेट्रोल वर चढतं कसं? वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. तिथेच जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, पेट्रोल आपोआप ओढलं जातं. इटलीच्या व्हेंचुरींनी अरुंद वाटेची ही जादू 1797 मध्ये मांडली, तेव्हा मोटरसायकलचा पत्ताही नव्हता! फवारा मारणाऱ्या कार्बचं पेटंट हंगेरीच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी 1893 मध्ये घेतलं.

मूठ सांगते, दोषी कोण
स्लाइडवाल्या कार्बमध्ये (मूठ पिळली की वर सरकते ती स्लाइड) कामाची मस्त वाटणी असते. थ्रॉटल जेमतेम उघडलेला, तेव्हा राज्य पायलट जेटचं. पाव ते पाऊण थ्रॉटलला स्लाइडमधली सुई मालकीण. त्यापुढे मेन जेट! म्हणून आधी बघा, गाडी कुठे अडखळते. सिग्नलला बंद पडते? मग मेन जेट बदलून काय उपयोग?

क्लिप वर, सुई खाली!
इथे भलेभले गोंधळतात. सुईवर बारीक खाचा असतात, त्यात क्लिप बसते. क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल कमी होतं. क्लिप खाली, तर पेट्रोल जास्त. उलटा मामला, पण सुईच्या टोकावर अख्खा मधला पिकअप!

दीड आटा, बस्स!
आता खरी मजा. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, मग बंद करा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवा. जोर लावलात तर टोकाचे बारा वाजले! आता साधारण दीड आटा उघडा आणि गाडी सुरू करा. पाव-पाव आटा फिरवत ऐका. आवाज जिथे सर्वांत चढा आणि एकसारखा, तिथे थांबा. मग आयडलच्या स्क्रूने रेस खाली आणा. झालं ट्यूनिंग!

थांबा, स्क्रू कुठल्या बाजूला?
स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. आत फिरवला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. बाजू बदलली की नियमही पालटला!

प्लग वाचा, भविष्य कळेल
प्लग खोलून बघा. काळा, काजळी धरलेला? पेट्रोल जास्त. पांढराफटक? पेट्रोल कमी, इंजिन तापतंय, सावधान! चहासारखा तपकिरी? वा, जमलं की!

लेहला चाललात?
खारदुंग ला! जुनी पाटी मिरवायची 18,380 फूट, प्रत्यक्ष मोजमाप भरतं 5,359 मीटर, म्हणजे सुमारे 17,580 फूट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. मुंबईत सुरेल लावलेला कार्ब तिथे हवा विरळ झाल्यामुळे रिच होतो. गाडी काळा धूर सोडते, दम टाकते. उपाय? लहान मेन जेट!

उसाचा गोडवा, कार्बला कडवा
पंपावर आता ई-20, म्हणजे पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. त्यातलं काही आपल्या उसातूनच येतं! इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्याच सेटिंगवर मिश्रण थोडं लीन होतं. ते ओलावाही शोषतं, जुन्या रबरी सीलना त्रास देतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार? पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्ब रिकामा करा.

एकाला एक, आठाला आठ!
राजदूत 350 ला दोन कार्ब. दोघांच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या नाहीत, तर एक सिलिंडर राबतो, दुसरा आराम करतो! 1978 च्या होंडा सीबीएक्सला चक्क सहा. आणि 1955 ची मोटो गुझी व्ही 8? 500 सीसीची रेसिंग बाइक आणि कार्ब तब्बल आठ! तिच्या मेकॅनिकला सलाम!

तार? अजिबात नको!
मेन जेटचं भोक कितीसं? मोठ्या गाड्यांतही एक मिलिमीटरच्या आसपास! जेट पितळेचा, मऊ. तार खुपसली की भोक मोठं आणि सगळं माप बिघडलं. कार्ब क्लीनर मारा, हवेने फुंका.

आणि हो, फिल्टर आधी!
एअर फिल्टर तुंबलेला किंवा कार्बचा रबर चिरलेला असेल, तर स्क्रू फिरवून काहीच साधत नाही. आधी ते बघा. मग एका वेळी एकच बदल आणि तो कागदावर लिहून ठेवा.

1 एप्रिल 2020 ला बीएस 6 आलं आणि नव्या बाइक्स जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. तिथे बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तुमच्या जुन्या कार्बला हवा फक्त एक स्क्रूड्रायव्हर, थोडा धीर आणि तयार कान. घाट चढा, मोसम बदला, पेट्रोल बदला, सूर पुन्हा लावता येतो आणि तोही स्वतःच्या हाताने. या रविवारी होऊन जाऊ दे एक पाव आटा!