आठ भावंडं, आठ कादंबऱ्या

अमेरिकन लेखिका ज्युलिया क्विन यांची ‘ब्रिजर्टन’ मालिका २००० ते २००६ या काळात आठ कादंबऱ्यांत पूर्ण झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं लंडन, उमराव घराणं आणि दर पुस्तकात एका भावंडाचं लग्न. अँथनी, बेनेडिक्ट, कॉलिन, डॅफ्नी, एलोईझ, फ्रान्सेस्का, ग्रेगरी, हायसिंथ ही नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत, त्यामुळे थोरलं-धाकटं लगेच कळतं. पहिली कादंबरी मात्र चौथ्या डॅफ्नीची.

मालिकेचा जीव दुसऱ्या कादंबरीत, ‘द व्हायकाउंट हू लव्ह्ड मी’मध्ये आहे. वडील अडतिसाव्या वर्षी मधमाशी चावून गेले. आपणही त्यापुढे जगणार नाही, असं थोरल्या अँथनीच्या मनाने घेतलंय. म्हणून त्याला लग्न हवं, प्रेम नको. बागेत नायिका केटला मधमाशी चावते तेव्हा हा रुबाबदार माणूस भेदरून विष शोषून काढायला धावतो. भीती आणि माया इतकी एकजीव झालेली फार कमी प्रेमकथांत दिसते.

पुस्तकातली केट शेफील्ड इंग्रज आहे. नेटफ्लिक्सवर या कादंबऱ्यांवर आलेल्या मालिकेच्या २०२२च्या दुसऱ्या पर्वात ती भारतातून आलेली केट शर्मा झाली, घरात हळदही लागली.

वाचायला सुरुवात या दुसऱ्या पुस्तकापासूनच करा. पहिलं वाचलेलं नसलं तरी काही अडत नाही.