निवारा नसणे हा गुन्हा?

वाटूर फाट्यावर बोचके घेऊन एस.टी.ची वाट पाहणारा मजूर तुम्ही पाहिलाच असेल. पाऊस दगा देतो, गावी काम उरत नाही, नि माणूस शहराची वाट धरतो. शहरात काम मिळते हो, पण घर? स्वस्त घरांसाठी सरकारने हात आखडता घेतला, की हा माणूस फुटपाथवर पथारी टाकतो. आणि त्या क्षणी कायद्याच्या लेखी तो अतिक्रमण करणारा ठरतो!

संगमनेरकडच्या एका जोडे शिवणाऱ्याचीच गोष्ट घ्या. गावातले घर पडले म्हणून तो मुंबईस आला. बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपये मिळू लागले. तुळशीवाडीच्या फुटपाथवरील जागेपायी त्याने गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू व प्लॅस्टिकला ७०० लागले. जवळजवळ तीन महिन्यांची कमाई गेली, तरी जागा बेकायदाच!

१९८१ साली फुटपाथवासीयांना हुसकण्याचे ठरले, तेव्हा त्याच्यासारख्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की निवारा गेला तर रोजीही जाते. आणि ही माणसे गुन्ह्याच्या हेतूने नव्हे, निरुपायाने तिथे राहतात. मात्र अतिक्रमण हटवण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला.

म्हणजे हेतू निर्दोष ठरला, पण झोपडी वाचली नाही. शिक्षा झाली ती गरिबीला. तेव्हा पुढच्या वेळी फुटपाथवरचा संसार दिसला, तर ‘हा इथे का बसला?’ असे विचारण्याआधी ‘याने जावे तरी कुठे?’ हे स्वतःला विचारून पाहा.